बंद पंख्याखालचा हत्ती

शोभाचा फोन आला तेव्हा काट्यावर तांदळाचा ट्रक उभा होता. मी एका राईस मिलच्या धर्मकाट्यावर बसतो. ट्रक चढला की पडद्यावरचा आकडा काही क्षण वर-खाली होत राहतो, तो थांबल्याशिवाय वजन धरायचं नसतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी फोन कानाला लावूनही आकड्याकडेच पाहत होतो. माझी बायको एवढंच म्हणाली, "घरी या." मी विचारलं, "पंखा लावला का?" ती म्हणाली, "लावला." पुढं काही विचारायची गरज राहिली नाही. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या घरातल्या मधल्या खोलीतला पंखा, बाई असेपर्यंत, कोणाला चालू ठेवता येत नव्हता. आकडा थांबला, मी वजन धरलं, ट्रक उतरवला आणि मग निघालो. तसाच उठून का गेला नाहीस, असं नंतर एका नातेवाइकानं विचारलं. खरं सांगायचं तर, आकडा हलत होता तेवढा वेळ ती आहे असं वाटत होतं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण देवका. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे निम्मी आईच. गोरेगावजवळच्या एका गावात तिचं सासर. नवरा लवकर गेला, मागं थोडी धानाची जमीन, एक पायमशीन आणि मुलगा प्रमोद. ब्लाऊज, परकर, झबली असं काहीबाही शिवून तिनं मुलाला वाढवलं. शिवणात तिचा हात बरा होता, फार बारीक नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माणूस गेलं की त्याच्या हातचं सगळंच सुंदर होऊन जातं. तिची बाही कधीकधी चुकायची आणि बाया तिला तोंडावर सांगायच्या. ती म्हणायची, "तुहा दंडच वाकडा आहे, त्याले मी का करू?" मी तिला इंचात विचारायचो, ती बोटात आणि वितीत सांगायची. टेप गळ्यात असायचा, पण तो गिऱ्हाइकाला दाखवायला. यावरून आम्ही जन्मभर भांडलो.

एक गोष्ट मात्र ती कोणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या मनानं शिवायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात. रांगत्या पोराला लाकडी बैल देता येत नाही, पायावर पाडून घेतं. म्हणून घरातल्या प्रत्येक मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला बाई कापडाचा बैल करायची. पांढऱ्या दुपट्ट्याचं अंग, काळ्या कापडाची शिंगं, शर्टाच्या बटणांचे डोळे, आणि आत सावरीचा कापूस. सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात. त्यातला कापूस रेशमासारखा, आणि इतका हलका की श्वास सोडला तरी उडतो. पाठीवरची शिवण ती चार बोटं उघडी ठेवायची. ज्याचा बैल त्या पोरानं शेवटची मूठ आपल्या हातानं आत घालायची, मगच ती टाका घालून दोरा दातानं तोडणार. माझ्या मुलीनं घातली, मुलानं घातली. मुलगा तर कापूस तोंडात घालायला निघाला होता. मी एकदा विचारलं, हे कुठलं शास्त्र? ती म्हणाली, "शास्तर कायचं? आपल्या हातचं आत गेलं का मंग ते आपलं होते. नाई तं दुकानातलं अन् हे सारखंच." तिच्या सासरी, माहेरी, आणखी कुठंही मी ही रीत पाहिली नाही. ती तिची एकटीची होती. आणि त्या रीतीनंच पुढं तिचा घात केला.

प्रमोदचं लग्न चिचगडच्या वैशालीशी झालं. वैशालीचे वडील सोनबाजी जंगलाकाठची शेती करतात, मोहफुलं वेचतात, मोठ्यानं बोलतात. आम्ही व्याह्याला इवाई म्हणतो. हे इवाई दर उन्हाळ्यात पिशवीभर सावरीचा कापूस घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "बाई, पंखा बंद करा, मी आलो!" वैशालीला मुलगी झाली, आरोही. पहिल्या वाढदिवसाला प्रमोदनं तिची मूठ आपल्या मुठीत धरून बैलात कापूस भरला. त्यानंतरच्या हिवाळ्यात गोरेगावच्या रस्त्यावर अंधार पडता पडता त्याच्या मोटारसायकलसमोर रानडुक्कर आडवं आलं. तो तिथंच गेला. बाईला मी त्या दिवशी पाहिलं, त्याबद्दल लिहिणार नाही.

वैशाली चोवीस वर्षांची होती. वर्ष झाल्यावर सोनबाजींनी तिच्यासाठी स्थळ पाहिलं तेव्हा ते तोंड लपवून बाईकडे आले. बाईच म्हणाली, "कायले लाजता इवाईबुवा? तिचं वय का आहे? जाऊ द्या तिले." दुसऱ्या लग्नाचा ब्लाऊजसुद्धा तिनं शिवला. सासर गोंदियातच मिळालं, रेल्वेलाइनीच्या पलीकडे. माणूस चांगला आहे, हे मी आजही लिहितो. त्यांनी पोरीला आपलं नाव दिलं, बापाचं सगळं केलं. अट एकच घातली, जुन्या घराशी येणं-जाणं नको. मूल लहान आहे, त्याला एकच बाप ठाऊक असू द्या. बाई त्या बैठकीत मान हलवून हो म्हणाली. ती काय कबूल करत होती ते तिला कळलं नव्हतं, असं मला वाटतं. तिच्या डोक्यात लेक सासरी जाण्याचा हिशोब होता. लेक देतात, पण ती दिवाळीला येते. पहिल्या दिवाळीनंतर ती मला म्हणाली, "हेमराज, नात तं आलीच नाई गा."

मग सुरू झालं ते दर पावसाळ्यातलं. आरूचा वाढदिवस तान्ह्या पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी येतो. बाई बैल शिवायची, पाठ उघडी ठेवायची, उशीच्या खोळीत घालून एसटीनं फुलचूरला आमच्याकडे यायची आणि वाट पाहायची. मी वैशालीला फोन करायचो. ती रडायची. "मामाजी, तिले काहीच मालूम नाई. बाई समोर आल्या का ती विचारन, हे कोन? मी का सांगू?" मी म्हणायचो, बैल पाठवून देतो. ते वैशालीला चालत होतं, बाईला चालत नव्हतं. "तिची मूठ गेल्याबिगर मी शिवन कशी?" आठवडाभर राहून ती खोळ परत घेऊन जायची. पुढच्या वर्षी जुना बैल उसवायची आणि तोच कापूस मोठ्या अंगाच्या नव्या बैलात भरायची, कारण पोरगी वाढली असणार. किती वाढली ते कळायला शेजारची त्याच वयाची एक पोरगी मांडी घालून बसवायची आणि तिच्या मांडीवर बैल ठेवून पाहायची. मी म्हणालो, "बाई, एका पोरीवरून दुसरीचं माप निघत नाही." ती म्हणाली, "तं मंग तूच काढून दे. तू तं ट्रकचं काढते." आमच्या काट्यावर दहा किलोखाली काही दिसतच नाही.

पाचव्या वाढदिवसाला, म्हणजे गेल्या वर्षी, तोड काढली ती सोनबाजींनी. आमच्या ओट्यावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता ते म्हणाले, "बाई, तू टेलरीन बनून जाय. टेलरनीले कोन का विचारते? पोरगी खेळनं घ्याले आली, घेतलं, गेली. झालं." मला वाटलं बाई चिडेल. पण ती लगेच उठून टेप शोधू लागली. वैशालीही तयार झाली. ब्लाऊज टाकायला जाते असं घरी सांगून एका दुपारी ती आरूला घेऊन आली. शाळेत आणि घरी पोरगी हिंदीच बोलते, हे गोंदियात नवं नाही. दारात चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "मम्मी, टेलर आंटी यही है क्या?"

बाई मशीनमागं बसली होती. उठली नाही. उठली असती तर काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं. "हव बेटा," म्हणाली, "मीच. तेरा ऑर्डर रेडी आहे." आरूनं बैल पाहिला, उलटा केला, पाठीतल्या भोकात बोट घातलं. "ये तो फटा हुआ है!" वैशालीनं तोंड फिरवलं. बाईनं कापसाची पिशवी पुढं केली. "फटा नाई. तू डालेगी ना, मंग शिवते." आरूनं मूठ भरली, आणि मधेच तिला आठवलं. "इतनी गर्मी है, पंखा क्यों बंद है?" आम्ही कोणी उठायच्या आत ती खुर्चीवर चढली आणि तिनं बटण दाबलं. पिशवी उघडीच होती… सगळी खोली पांढरी झाली. शोभा ओरडली, मी बटणाकडे धावलो, सोनबाजी दोन्ही हातांनी कापूस पकडत "गेला वो माहा वर्षभराचा धंदा!" म्हणत नाचू लागले, आणि आरू खोलीभर उड्या मारत होती. बाईही आधी "बंद कर वो!" म्हणाली आणि मग हसायला लागली. प्रमोद गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. शेवटचंही तेच. आरू तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आंटी, आपके बालों में बर्फ गिर गई." बाई म्हणाली, "गिरली बाई. लय दिवसाची गिरली."

शेवटची मूठ आत गेली. बाईनं टाका घातला, दोरा दातानं तोडला. आरूनं बैल काखेत मारला आणि विचारलं, "आप सबके लिए बनाते हो?" बाई म्हणाली, "ऑर्डर आली तं." "तो अगले बड्डे को मेरा हाथी बनाना. बैल तो गाँव में होता है." "कितना बडा?" आरूनं दोन्ही हात ताणून पसरले. "इतना!" तेव्हा बाई उठली. गळ्यातला टेप काढून तिनं त्या पसरलेल्या हातांना लावला, एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उंची घेतली. मग खांदा, छाती, कंबर, दंड, मनगट. प्रत्येक माप घेताना टेप फिरवायला तिचा हात पोरीच्या पाठीमागून जायचा. आरूला गुदगुल्या होत होत्या. बाई आकडे मोठ्यानं बोलत होती, इंचात, जन्मात पहिल्यांदा: पसारा बेचाळीस, उंची बेचाळीस, छाती बावीस… हत्तीला पोरीची छाती आणि मनगट कशाला लागतं, हे कोणी विचारलं नाही. वैशालीनं पाहिलं आणि ती ओट्यावर जाऊन उभी राहिली. जाताना आरू म्हणाली, "बाय आंटी, याद रखना." बाईनं मान हलवली. दिलेल्या शब्दाबाहेर एक अक्षर ती बोलली नाही.

त्यानंतर वर्षभर ती हत्तीवर जगली, असं म्हटलं तर ते खोटं नाही. पण हिवाळा संपता संपता तिचं जेवण उतरेना. नागपूरला नेलं. पोटात गाठ होती आणि ती पोटापुरती राहिली नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, यांना घरी न्या, म्हणून सांगितलं. मी तिला फुलचूरला आणलं, मधल्या खोलीत तिचा पलंग लावला. तिनं गावाहून दोनच गोष्टी मागवल्या, मशीन आणि पेटीतला एक राखाडी पँटपीस. तो प्रमोदला लग्नात आलेला होता. शिवायचा राहून गेला होता. उन्हाळ्यात सोनबाजी पिशवीऐवजी पोतं घेऊन आले. तिला पाहून त्यांनी पोतं दाराशीच टेकवलं, मग नेहमीसारखे ओरडले, "हत्तीले का मुठीनं भरते, बाई? आमच्याकडं हत्ती आला तं धान तुडवून गेला, अन् तू त्याले कापूस चारून राहिली!" बाई म्हणाली, "तुमच्या धानापरीस हा बरा."

पावसाळा लागला तेव्हा ती एकतीस किलोची होती. मशीनचा पाय चालेना, म्हणून हातानं शिवू लागली. दिवसाला वीतभर शिवण, कधी तेवढीही नाही. सोंड भरणं सगळ्यात अवघड गेलं. बांबूच्या कमचीनं कापूस ढोसायचा, तो मधेच अडायचा, सोंड वाकडी व्हायची, ती उसवून पुन्हा भरायची. श्रावणातला उकाडा आमच्याकडे कसा असतो ते धानपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. धानाच्या बांध्यांमध्ये पाणी उभं असतं आणि हवा हलत नाही. आणि पंखा बंद. तिच्या कपाळावरून घाम गळून उशीत जायचा. शोभानं हत्ती खोळीत घालून तोंड बांधलं आणि पंखा लावला की बाई थोड्या वेळानं म्हणायची, "खोळ काढ वो, मले पाठ पाहू दे. बसली असन." पुन्हा पंखा बंद, पुन्हा हात आत. कापूस खरंच बसत होता की तिला आत हात घालायला निमित्त हवं होतं, मला सांगता येणार नाही. शोभा पुठ्ठ्यानं वारा घालायची, तर बाई म्हणायची, "हळू. उडन." मी शिवणीला टाचण्या लावू म्हटलं. "लेकराच्या खेळन्याले टाचनी लावते का, येडा झाला का गा?"

पोळा आला. वैशालीचा फोन आला तो तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी. गेल्या वर्षी आरू घरी गेली ती टेलर आंटी, बर्फ आणि हत्ती सगळ्यांना सांगत सुटली होती. वर्षभर सांगत होती. शेवटी वैशालीच्या आताच्या सासूनं विचारलं, ही टेलरीन कोण, हिचं दुकान कुठं? वैशालीला खोटं सांगता आलं नाही. त्या म्हातारीला मी दोष देत नाही. तिनंही त्या पोरीला जीव लावला आहे, आणि पोरगी उद्या विचारेल, मग तुम्ही माझ्या कोण, ही भीती तिला असणारच. वैशाली म्हणाली, "मामाजी, यंदा नाई जमत. पुढं पाहू." मी तिला सांगितलं की बाईला पुढचं वर्ष नाही. मग फोन बंद झाला.

मी बाईला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. शोभा म्हणाली, "बाई, मी टाका घालते. सोनबाजीसोबत पाठवून देऊ. पोरीच्या हाती तं जाईल." बाईनं दोन्ही हात हत्तीच्या पाठीवर ठेवले. "नाई. तिचा हात नाई लागला." तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, "पोरीले हत्ती पायजे, का तुले पोरीचा हात पायजे? एक काय ते सांग." तिनं छताकडे पाहिलं, त्या न फिरणाऱ्या पंख्याकडे. मग म्हणाली, "मले पायजे." आणि थोड्या वेळानं, "मले पायजे गा, हेमराज. आता मीच मांगून राहिली. तिले तं दुकानातला भी चालते."

वाढदिवसाच्या दिवशी ती म्हणाली, मले शाळेपाशी ने. उठून बसणंही तिला जड होतं. मी रिक्षा बोलावली, शोभानं तिला पाठीमागून धरलं, मांडीवर खोळीतला हत्ती. मी तिच्याकडून वचन घेतलं की हाक मारायची नाही. ती म्हणाली, "हाक नाई मारत. ऑर्डर आनली म्हनीन." शाळा सुटायच्या आधी आम्ही फाटकासमोर रिक्षा लावून थांबलो. मग घंटा झाली आणि पोरी बाहेर आल्या. सगळ्या एकाच निळ्या गणवेशात, सगळ्यांच्या दोन वेण्या, सगळ्यांच्या पाठीवर मोठाली दप्तरं. बाई वाकून एकेकीकडे पाहत होती. "ही का?… ही होय का, हेमराज? ही?" मला कळत नव्हतं. मी वर्षापूर्वी एकदा, एक दुपार पाहिलेली पोरगी, आता सहा वर्षांची. शोभालाही कळेना. मापं मला सगळी पाठ होती आणि चेहरा सापडत नव्हता. व्हॅनी भरल्या, निघाल्या. फाटकावरचा माणूस येऊन म्हणाला, "किसको लेना है, काका? सब बच्चे गए." बाईनं खोळ जवळ ओढली. मला म्हणाली, "चाल घरी." रिक्षात तिनं खोळीच्या तोंडावर हात दाबून धरला होता, वाऱ्यानं कापूस उडू नये म्हणून.

त्यानंतर ती फार थोडी जगली. पाण्याशिवाय काही मागितलं नाही. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती, तरी शोभानं पंखा लावला नाही. लावला तो सगळं संपल्यावर, माणसं येऊन बसतील म्हणून. शोभानं मला नंतर सांगितलं, पंखा बऱ्याच महिन्यांनी पूर्ण जोरात फिरला तसा वरच्या वाटीत अडकलेला गेल्या वर्षीचा कापूस खाली आला. दोन-चारच धागे. त्यातला एक बाईच्या कपाळावर बसला. तो काढायला शोभाचा हात धजला नाही. मी पोचलो तेव्हा तो तिथंच होता.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी वैशाली आली. एकटी, दुपारी, हातात ब्लाऊजपीसची पिशवी. घरातून निघायला तिच्याकडे अजूनही तेच एक कारण आहे. मधल्या खोलीत पलंगावर बसली. पलंग रिकामा, कडेला मशीन, मशीनवर खोळीतला हत्ती. शोभानं तो काढून तिच्या मांडीवर ठेवला. सुई ओवून ठेवली होती. शोभा म्हणाली, "आता घेऊन जाय. दोन टाके घालते, बस." वैशालीनं त्याच्या उघड्या पाठीत हात घातला, आत कापूस चाचपला आणि हात तसाच बाहेर काढला. म्हणाली, "आरू रोज विचारते, मामाजी. हाथीवाली आंटी का हाथी बना क्या?" मी विचारलं, "मंग तू का सांगते?" ती म्हणाली, "बनून राहिला म्हनते. झाला नाई अजून." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई गेल्या म्हनून सांगाचं, तं कोन गेलं तेही सांगा लागते ना… ते कसं सांगू?" शोभानं सुई परत मशीनला बांधलेल्या कापडी गादीत खोचली. वैशाली उठली. "नका शिवू, मामी. आनीन मी तिले." कधी, ते आम्ही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दिवाळी तोंडावर आली आहे. शोभानं सगळं घर झाडलं, जाळं काढलं, बाकीच्या खोल्यांतले पंखे पुसले. या खोलीत मी संध्याकाळी थोडा वेळ बसतो. मनात आकडे येतात, त्याला इलाज नाही. आरूचा पसारा आता बेचाळीस राहिला नसेल. पुढच्या वर्षी आणखी वाढेल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी, आणि एक दिवस तिला हत्ती नकोसा होईल. वैशाली तिला आणायच्या आधीच तो दिवस आला तर काय करायचं, हे मला मांडता येत नाही. उकाडा अजून गेलेला नाही. घाम येतो, हात बटणाकडे जातो. मशीनवर खोळ सैल पडलेली असते आणि तिच्या तोंडातून राखाडी पाठीची ती चार बोटांची फट दिसते, आतला पांढरा कापूस दिसतो. मी हात मागं घेतो. पोरीला सांगितलेलं आहे, हत्ती बनून राहिला आहे. तोवर पंखा बंद.